कारखान्यातला 11 वर्षांचा सर्व्हर बदलायचाय, पण काम थांबवता येत नाही

भोसरीकर (9 जुलै, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. मी मूळचा अकाउंट्सचा माणूस, पण संगणकांची जबाबदारीही माझ्याकडे आली आणि राहिली. 2014 साली घेतलेला एकच सर्व्हर सगळा भार ओढतो: 34 संगणकांचं लॉगिन, ड्रॉइंगच्या फायली, टॅली, प्रिंटर आणि हजेरी मशीनचा डेटासुद्धा. त्यावर विंडोज सर्व्हर 2012 आर2 आहे, ज्याचे नेहमीचे अपडेट 10 ऑक्टोबर 2023 पासून बंद झाले. मालकांना मी तेव्हापासून सांगतोय. मागच्या आठवड्यात चारपैकी एका डिस्कवर पिवळा दिवा लागला आणि लगेच मंजुरी मिळाली.

आता खरी अडचण. आमचा माल चाकणला जातो, तिथली लाइन आमच्या गाडीची वाट बघत असते. टॅलीतून इन्व्हॉइस निघाला, त्यावर ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल झालं, तरच गाडी गेटबाहेर पडते. 2014 ला हाच बदल झाला तेव्हा तीन दिवस गोंधळ होता. भरलेली गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर, आणि मला स्वतःची फाइलसुद्धा उघडता येत नव्हती. ते दिवस मी विसरलेलो नाही.

ज्यांच्याकडून नवीन मशीन घेतोय ते म्हणतात, "एका सुटीत बसवून देतो, दुसऱ्या दिवशी सगळं चालू." आम्हाला सुटी फक्त गुरुवारची. मला हे पटत नाहीये. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

तांब्याची_तार (9 जुलै, 11:15)

सर्व्हर बदलण्याचं नंतर बघू, आधी त्या पिवळ्या दिव्याचं बोला. चार डिस्कचं रेड 5 असेल (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी जोडणी) तर एक डिस्क गेल्यावर तुम्ही आता काठावर चालताय. दुसरी गेली की सगळं गेलं. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आल्या असणार, म्हणजे त्यांचं वयही सारखंच. नवीन डिस्क घातली तरी रीबिल्ड होताना, म्हणजे तिच्यावर डेटा परत उभा होताना, बाकीच्या तीन डिस्क तासन्‌तास पूर्ण वाचल्या जातात, आणि नेमक्या तेव्हाच दुसरी मान टाकते.

म्हणून क्रम असा ठेवा: आज रात्री बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप. उद्या त्यातून टॅलीची एक कंपनी आणि चार-पाच ड्रॉइंग दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून बघा. ती उघडली की मगच डिस्क बदला. आणि सर्व्हर उगाच बंद-चालू करू नका. इतकी वर्षं सतत फिरणारी डिस्क एकदा थंड झाली की परत उठेलच असं नाही.

भोसरीकर (11 जुलै, सकाळी 8:05)

बॅकअप झाला. 900 जीबी डेटा आहे. टॅली परत आणून उघडली, ड्रॉइंग उघडली. काल रात्री डिस्क बदलली, रीबिल्ड पूर्ण झालं, दिवा हिरवा झाला. तांब्याची_तार, तुमचे मनापासून आभार. दोन रात्री झोप नव्हती.

सिन्नर_फाटा (11 जुलै, 1:20)

मूळ प्रश्नालाच एक प्रश्न विचारतो. सर्व्हर हवाच कशाला? सगळं क्लाउडवर टाका, दर 10 वर्षांनी ही कटकट नको.

रात्रपाळी (11 जुलै, 9:50)

सिन्नर_फाटा, ईमेल आणि ऑफिसच्या कागदांसाठी मी तुमच्याशी सहमत आहे. पण ड्रॉइंग आणि मशीनचे प्रोग्राम यांचा हिशोब मांडून बघा. 50 एमबीपीएस अपलोड पूर्ण वेगाने मिळाला तरी 900 जीबी चढवायला 40 तास लागतात. तेही एकदाच, म्हणून सोडून देऊ. पण रोज सकाळी 12 डिझाइनवाले एकाच वेळी मोठ्या असेंब्लींची ड्रॉइंग उघडतील आणि नेमकी त्याच दिवशी रस्ता खोदणाऱ्याने केबल तोडली, तर शॉप फ्लोअर थांबेल. कारखान्याच्या आतलं काम आतल्या तारेवरच चालावं, असं माझं ठाम मत आहे.

आता भोसरीकर, तुमच्यासाठी. औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मोठ्या कारखान्यांत मी हे काम 15 वर्षं करतोय. नवीन सर्व्हर बसवणं सोपं असतं. अवघड असतं ते जुन्या सर्व्हरला कोण कोण धरून बसलंय हे शोधणं. 11 वर्षांत कुणीतरी कुठेतरी त्याचं नाव किंवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून ठेवलेला असतो आणि टाकणारा नोकरी सोडून गेलेला असतो. तुमचे 2014 चे तीन दिवस बहुतेक यातच गेले असतील.

म्हणून एका सुटीत सगळं करू नका. दोन्ही सर्व्हर काही आठवडे शेजारी-शेजारी चालू द्या आणि एकेक काम जुन्याच्या खांद्यावरून नव्याच्या खांद्यावर द्या.

नवीन मशीनवर थेट सगळं बसवू नका. हायपर-व्ही (एकाच मशीनमध्ये अनेक संगणक चालवणारी विंडोजची सोय) टाका आणि त्यात दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, करा: एक लॉगिनसाठी म्हणजे डोमेन कंट्रोलर (डोमेन म्हणजे एकाच लॉगिन-व्यवस्थेखालचे सगळे संगणक), दुसरं फायली आणि टॅलीसाठी. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका परवान्यात दोन व्हर्च्युअल मशीन बसतात, मात्र मशीनच्या प्रोसेसरचे सगळे कोर मोजून परवाना घ्यावा लागतो, किमान 16 कोरचा. सर्व्हर वापरणाऱ्यांसाठीचे क्लायंट परवाने, ज्याला सगळे कॅल म्हणतात, तेही नवीन आवृत्तीचे लागतात. कोटेशनमध्ये ते आहेत का बघा, बऱ्याचदा नसतात. तुमच्याकडे तीन पाळ्यांत तीन माणसं एकच संगणक वापरत असतील तर माणसागणिक कॅल घेऊ नका, यंत्रागणिक घ्या. बराच पैसा वाचेल.

आवृत्ती 2022 घ्या की 2025, यावर मी वाद घालणार नाही. 2022 ला 14 ऑक्टोबर 2031 पर्यंत अपडेट आहेत. तुमची इतर सॉफ्टवेअर कशावर चालतात ते त्या-त्या लोकांना विचारून ठरवा.

पहिला गृहपाठ: जुन्या सर्व्हरच्या डीएनएसचं (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) डिबग लॉगिंग, म्हणजे सविस्तर नोंद, चालू करा, कोण कोण विचारायला येतं ते कळेल. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये 'ओपन फाइल्स' दिवसातून तीनदा बघून लिहून ठेवा. टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, उघडा, प्रत्येक ओळ वाचा. नंतर हातात वही घेऊन शॉप फ्लोअरवर फिरा आणि प्रत्येक यंत्राशेजारचा संगणक, प्रिंटर, स्कॅनर यांच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता आहे का बघा. हे फिरणं टाळू नका. लॉगमध्ये जे दिसत नाही ते तिथे दिसतं.

गुळाचा_खडा (12 जुलै, 7:30)

कोल्हापुरातल्या फौंड्रीतून लिहितोय. फायली हलवायला विंडोजची रोबोकॉपी ही आज्ञाच वापरा, पण मिरर करणारा 'मिर' स्विच (आज्ञेला जोडायचा पर्याय) जपून. तो दोन्ही बाजू सारख्या करतो, म्हणजे जे उगमात नाही ते मुक्कामातून पुसतो. आमच्याकडे एकाने घाईत उगम आणि मुक्काम उलटे टाईप केले. रिकामं नवीन फोल्डर उगम झालं आणि पॅटर्नच्या ड्रॉइंगचं भरलेलं फोल्डर पुसलं गेलं. बॅकअप होता म्हणून वाचलो, पण चार दिवसांचं काम परत करावं लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक आज्ञा आधी 'एल' स्विच लावून चालवतो. तो नुसती यादी दाखवतो, हात कशालाच लावत नाही.

दुसरं म्हणजे, रोबोकॉपीला एखादी फाइल उघडी सापडली तर ती मूळ सेटिंगप्रमाणे 30-30 सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करत राहते. सकाळी येऊन बघता तर पहिल्याच फोल्डरमध्ये अडकलेली! पुन्हा प्रयत्न 1, थांबा 1 सेकंद असं सांगा आणि लॉग फाइल लिहायला लावा. परवानग्यांसकट कॉपी करायला 'कॉपीऑल' विसरू नका, नाहीतर पगाराचं फोल्डर सगळ्यांना उघडं होईल.

खतावणी (12 जुलै, 4:10)

भोसरीकर दादा, मीही अकाउंट्सचीच, म्हणून तारखांचं बोलते. 7 ला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं, आणि महिनाअखेरीस डिस्पॅचची धावपळ. टॅलीला हात लावायचा तर 11 ते 20 मधला गुरुवार धरा. कॅलेंडर बघितलं, 14 ऑगस्टला गुरुवार आहे आणि 15 ला शुक्रवार. तुम्हाला सलग दोन दिवस मिळतायत, असा योग परत येणार नाही.

टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर आधी सरेंडर (परत जमा) करावं लागतं, मग नवीनवर चालू होतं. ते कुणाच्या ईमेलवर नोंदलंय ते आजच बघा. आमच्याकडे ते नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या खासगी ईमेलवर होतं. त्यांना फोन करून, विनंती करून बदलून घ्यावं लागलं, त्यात आठवडा गेला.

आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचा नियम ऑगस्ट 2022 पासून आहे. नवीन व्यवस्था करताना ते आत्ताच बसवून घ्या. ऑडिटर विचारतात.

भोसरीकर (20 जुलै, 11:00)

आठवडाभर वही घेऊन फिरलो. रात्रपाळी, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. माझ्या समजुतीप्रमाणे सर्व्हरवर अवलंबून 34 संगणक होते. वहीत 51 नोंदी झाल्या. त्यातल्या काही:

डिस्पॅचचा लेबल प्रिंटर सर्व्हरवरून शेअर केलेला आहे. झेरॉक्स मशीन स्कॅन करून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि त्यात 2014 चा अ‍ॅडमिनचा पासवर्ड भरलेला आहे. सहा संगणकांना डीएनएस हाताने घातलाय. क्वालिटीच्या एक्सेल फायलींत एकमेकींच्या लिंक आहेत, त्या सगळ्या सर्व्हरच्या नावाने. टॅलीचं लायसन्स खतावणी ताईंनी सांगितलं तसंच निघालं, आमच्या जुन्या मॅनेजरांच्या ईमेलवर. त्यांनी लगेच मदत केली, बदल झाला.

आणि सगळ्यात अवघड, जुन्या व्हीएमसीच्या (धातू कापणारं संगणकचलित यंत्र) शेजारी विंडोज एक्सपीचा एक संगणक आहे. मशीनचे प्रोग्राम तो सर्व्हरवरच्या फोल्डरमधून उचलतो. तो बदलता येत नाही, कारण त्यातलं कार्ड आणि सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही.

जॉब_सेटर (20 जुलै, 11:40)

तो एक्सपी सर्व्हरशी एसएमबी या फायली शेअर करण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत बोलतो. नव्या सर्व्हरवर ती मुळात बसवलेलीच नसते. इन्स्टॉल करून चालू करता येते, पण कृपया करू नका. 2017 चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला होता. एका मशीनसाठी सगळा कारखाना उघडा पडेल.

आम्ही असं केलं. एक्सपीला डोमेनमधून काढला, नेटवर्क स्विचवर त्याचं वेगळं व्हीलॅन (बाकीच्यांपासून वेगळं नेटवर्क) केलं, इंटरनेट तोडलं. प्रोग्रामच्या फोल्डरसाठी सर्व्हरवर एफटीपी (फायली उतरवून घेण्याची जुनी सोय) उभं केलं, फक्त वाचायची परवानगी आणि फक्त त्याच आयपीला. एक्सपीत एफटीपीची आज्ञा आधीपासून असते. डेस्कटॉपवर एक बॅच फाइल ठेवली, ऑपरेटर तिच्यावर दोनदा क्लिक करतो, प्रोग्राम खाली येतात. ऑपरेटर मंडळींना एका दिवसात सवय झाली.

रात्रपाळी (20 जुलै, 10:15)

जॉब_सेटरांचा उपाय उत्तम. झेरॉक्स मशीनलाही हीच अडचण येऊ शकते, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) नवीन करून बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर पाठवा. लेबल प्रिंटर सर्व्हरमधून काढून थेट त्याच्या आयपीवर जोडा, तेही याच आठवड्यात. बदलाच्या दिवशी कमीत कमी गोष्टी बदलायला उरल्या पाहिजेत.

एक महत्त्वाचं राहिलं. तुमचं डोमेन 2014 ला नव्याने बनवलं होतं की त्याच्या आधीच्या विंडोज सर्व्हर 2003 वरून आलं होतं? आलं असेल तर सिसव्हॉल (डोमेनचे नियम ठेवणारं, सगळ्या कंट्रोलरवर सारखं राहणारं फोल्डर) अजून एफआरएस या कॉपी करण्याच्या जुन्या पद्धतीने चालत असेल. 2019 आणि त्यापुढचे सर्व्हर अशा डोमेनमध्ये कंट्रोलर व्हायला सरळ नकार देतात. 'डीएफएसआरमिग' या आज्ञेने स्थिती तपासा. जुनं निघालं तर प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड अशा तीन पायऱ्या आहेत. एकेक पायरी पूर्ण झाल्याची खात्री करून पुढे जा. शेवटच्या पायरीनंतर मागे येता येत नाही.

सिन्नर_फाटा (21 जुलै, 9:00)

एक सोपा मार्ग सुचतोय. डिस्क-टू-व्हीएचडी या साधनाने जुन्या सर्व्हरची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून ती तशीच हायपर-व्हीत चालू केली तर? नाव, आयपी, सगळं तेच.

रात्रपाळी (21 जुलै, 9:45)

साध्या फाइल सर्व्हरसाठी चाललं असतं. डोमेन कंट्रोलरसाठी नको. मूळ आणि प्रत दोन्ही चुकूनही एकाच वेळी जागे झाले, किंवा प्रत काढल्यानंतर मूळ चालू राहिला आणि मग जुनी प्रत उठवली, तर डोमेनमधल्या बदलांचे क्रमांक जुळत नाहीत. नवीन कंट्रोलर जुन्याचे बदल न सांगता सोडून देतो. पासवर्ड बदलतात पण पोचत नाहीत. चूक कुठेच दिसत नाही आणि महिन्याने सगळं फुटतं. शिवाय 2012 आर2 तसाच राहतो तो वेगळाच.

भोसरीकर (2 ऑगस्ट, 9:30)

सिसव्हॉल एफआरएसवरच होतं! डोमेन 2003 च्या काळातलं. तीन पायऱ्या चार दिवसांत पार पाडल्या. नवीन कंट्रोलर आता जुन्याशेजारी उभा आहे. डीसीडायग आणि रेपॅडमिन या कंट्रोलरच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ. कारखान्यात कुणाला काही कळलं नाही.

डीएचसीपीमध्ये (संगणकांना आपोआप पत्ते देणारी सेवा) डीएनएससाठी आता दोन्ही सर्व्हरचे पत्ते देतोय, नव्याचा आधी. लीझ, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, 8 दिवसांची आहे, निम्म्यावर म्हणजे चौथ्या दिवशी संगणक नवीन माहिती घेतो, म्हणून हे आठवडाभर आधीच केलं. हाताने डीएनएस घातलेले सहाही संगणक सुधारले.

भोसरीकर (7 ऑगस्ट, गुरुवार, संध्याकाळी 7:20)

आज डोमेनच्या पाचही मुख्य भूमिका नव्या कंट्रोलरवर नेल्या, डीएचसीपी नेलं. वेळेचा स्रोतही बदलला. लॉगिनला घड्याळात 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही हे वाचलं होतं, म्हणून कंट्रोलरचं व्हर्च्युअल मशीन ज्या मशीनवर चालतं तिच्याकडून वेळ घेणं बंद करून त्याला एनपीएल म्हणजे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेच्या सर्व्हरशी जोडलं. नंतर जुना सर्व्हर दोन तास नेटवर्कमधून काढून ठेवला आणि चार संगणकांवर नवीन लॉगिन करून बघितलं. झालं. मग जुना परत जोडून त्याला कंट्रोलरपदावरून उतरवलं. आता तो फक्त फायली आणि टॅली सांभाळतोय.

खतावणी (7 ऑगस्ट, 8:00)

दादा, छान. 14 तारखेला परत फिरायची वेळ आत्ताच ठरवून ठेवा आणि मालकांना लेखी कळवा. कामाच्या भरात "अजून अर्धा तास" करत रात्र होते.

भोसरीकर (13 ऑगस्ट, 10:50)

ठरवलं आहे. 15 तारखेला दुपारी 4 वाजता निर्णय. तोपर्यंत टॅलीत इन्व्हॉइस काढून प्रिंट झाला नाही, तर जुनं नाव आणि आयपी परत जुन्यालाच. शनिवारी सकाळी लोकांनी नव्यावर काम सुरू केलं की परत फिरणं सोपं राहणार नाही, कारण त्यांचं नवीन कामही मागे न्यावं लागेल.

900 जीबीची पहिली कॉपी मागच्या शनिवारी रात्री केली. आमच्या गिगाबिट तारेवर अडीच तास लागतील असा हिशोब होता, लहान-लहान फायलींमुळे नऊ तास लागले. त्यानंतर रोज रात्री फक्त बदललेल्या फायली जातात, काल 11 मिनिटं लागली. गुळाचा_खडा, प्रत्येक आज्ञा आधी 'एल' लावून चालवली.

भोसरीकर (15 ऑगस्ट, 1:15)

काल सकाळी जुन्या सर्व्हरचे शेअर फक्त वाचण्यापुरते केले, शेवटची कॉपी केली, फायलींची संख्या आणि आकार जुळवले. टॅलीचं लायसन्स सरेंडर करून नव्यावर चालू केलं. जुन्याचं नाव आणि आयपी बदलला. मग नवीन फाइल सर्व्हरला जुना आयपी दिला आणि जुनं नाव 'नेटडॉम' या आज्ञेने टोपणनाव म्हणून जोडलं. एक्सेलच्या सगळ्या लिंक तशाच उघडल्या.

आज सकाळी 8 ला झेंडावंदनाला सगळे आले होते. डिस्पॅच, क्वालिटी आणि डिझाइनमधल्या एकेकाला अर्धा तास थांबवून घेतलं. प्रत्येकाने आपलं रोजचं काम करून बघितलं. डिस्पॅचवाल्याने जुन्याच एका ऑर्डरवर इन्व्हॉइस आणि लेबल काढून दाखवलं, नंतर ते रद्द केलं. 4 वाजेपर्यंत थांबायची गरज पडली नाही.

भोसरीकर (16 ऑगस्ट, शनिवार, 12:30)

पहिली गाडी 9:10 ला गेटबाहेर पडली. रोजची वेळ 9 ची. माझ्या टेबलापाशी आतापर्यंत फक्त दोघे आले. एकाचा पासवर्ड चुकत होता, दुसऱ्याला फोल्डर का बदललं विचारायचं होतं, बदललेलं काहीच नव्हतं.

तांब्याची_तार (16 ऑगस्ट, 1:00)

मनापासून अभिनंदन. जुना सर्व्हर इतक्यात विकू नका, पुसूही नका.

रात्रपाळी (16 ऑगस्ट, 9:20)

निदान एक महिनाअखेर जाऊ द्या. महिन्यातून एकदाच जागी होणारी कामं असतात.

भोसरीकर (2 सप्टेंबर, 8:40)

आणि तसंच झालं. 1 तारखेला पगाराच्या टेबलवर हजेरीची फाइल रिकामी आली. टास्क शेड्युलर मी वाचला होता, ही ओळ वहीत लिहिलीही होती, पण "महिन्याला एकदा" बघून नंतरसाठी ठेवली आणि राहून गेली. जुना सर्व्हर अजून चालू होता, त्याने ऑगस्टची फाइल इमानाने स्वतःच्याच जुन्या फोल्डरमध्ये टाकायचा प्रयत्न केला. टास्क नव्यावर हलवला, फाइल परत काढली. पगार 7 लाच होणार, एक दिवसही पुढे जाणार नाही.

भोसरीकर (3 ऑक्टोबर, 6:10)

सहामाही संपली, दुसरी महिनाअखेरही नीट गेली. आज जुन्या सर्व्हरच्या डिस्क काढून लेबल लावून कपाटात ठेवल्या. डबा रॅकमधून उतरवताना शॉपचे दोघे मदतीला आले. त्यातल्या एकाने विचारलं, नवीन कधी येणार? त्याच्याच टेबलावरचा संगणक दीड महिना नव्यावर चाललाय.